पाच गल्ल्या आणि एक घंगाळ

कसबे बोरगव्हाणात चौकी होती, चौकीपुढे कडुलिंब होता, लिंबाखाली बाज होती आणि बाजेवर जमादार चाँद पाशा होते. निजाम सरकारच्या कागदात या चार गोष्टींचा क्रम वेगळा लावला असेल, पण गावाच्या आणि खुद्द जमादारांच्या हिशेबी हाच बरोबर होता.

चाँद पाशांची तीस वर्षं नोकरी झाली होती आणि वजिफ्याला, म्हणजे पेन्शनीला, दीड वर्ष उरलं होतं. दुपारचं जेवण झालं की ते बाजेवर आडवे होत आणि चारच्या सुमारास उठत. त्या वेळात गुन्हा करायचा नाही एवढी समज गावात सगळ्यांना होती. बाकीच्या वेळातही कुणी करत नसे, हा गावाचा चांगुलपणा. रोज सकाळी जमादार रोजनामचा उघडत आणि त्यात उर्दूत एकच शब्द लिहीत, ‘खैरियत’. सलग दोन वर्षं तोच शब्द लिहून लिहून त्यांच्या हातून तो असा झोकदार उतरू लागला होता, की शाळेचे मौलवीसाहेब कधीमधी नुसता तो बघायला चौकीत येत.

अशा या गावात सदतीस सालच्या माघात चोऱ्यांचा सुळसुळाट झाला.

म्हणजे, गावाचं तसं म्हणणं होतं. शनिवारच्या बाजारात दुसरा विषय नव्हता. तांब्याचे हंडे गेले, पितळी समया गेल्या, वासरं गेली, लुगडी गेली. कापसाचे आणि हळदीचे व्यापारी उकंडराव यांनी धसका घेऊन कोठीला तीन कुलपं लावली. किल्ल्या कुणाच्या बापाला सापडू नयेत अशा ठिकाणी ठेवल्या आणि पुढच्याच आठवड्यात स्वतःच कोठीचं दार फोडलं. फुटलेलं दार येता-जाता सगळ्यांना दिसू लागलं, तेव्हा ज्यांच्या मनात थोडीफार शंका होती तीही गेली.

मग उकंडरावांनी अर्ज लिहिला. त्यावर पंचाहत्तर सह्या आणि अंगठे घेतले आणि तो तालुक्याला अमीनसाहेबांकडे धाडला. फौजदाराला तेव्हा आमच्याकडे अमीन म्हणत. अमीनसाहेब नवे होते, तरुण होते, आणि त्यांना दुपारी झोपायची सवय अजून लागली नव्हती. ते सोमवारी सकाळीच घोड्यावर हजर झाले.

“जमादार, ये क्या है? पचास चोरियाँ! और रोजनामचे में खैरियत?”

“जी हुजूर. खैरियतच है.”

“पचहत्तर आदमी झूठ बोलते हैं क्या?”

“जी नहीं.”

“तो तुम झूठ बोलते हो?”

“जी नहीं हुजूर,” चाँद पाशा म्हणाले. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एवढं कमावलं होतं, की खरं बोलतानासुद्धा चेहऱ्यावर अपराधी भाव आणता येई.

अमीनसाहेबांनी अर्ज पुढे वाचला. त्यात शेवटी मागणी होती. ओढ्यापलीकडे भावसिंग नाईकाचा तांडा होता, त्यातले सगळे गडी रोज सूर्योदयाला आणि सूर्यास्ताला चौकीत हजेरीला उभे करावेत. तांडाच का, याचं कारणही दिलं होतं: चोर आमच्या गल्लीतला नाही असं गावातल्या पाचही गल्ल्यांचं एकमुखानं म्हणणं होतं. तांडा कोणत्याच गल्लीत येत नव्हता.

“पहली तारीख से हाजिरी,” अमीनसाहेब म्हणाले. “नहीं तो उसके पहले चोर दिखाओ.” आणि घोड्याला टाच मारून गेले.

पहिली तारीख बारा दिवसांवर होती.

चाँद पाशा बाजेवर बसून विचार करू लागले. तांड्यात त्रेचाळीस गडी. त्रेचाळीस नावं, त्रेचाळीस बापांची नावं, दोन वेळा. सूर्यास्ताला हजेरी म्हणजे लोक तीनपासून येऊन बसणार, विड्या ओढणार, खोकणार. दुपारची झोप तीनलाच मोडणार. असा विचार पहिल्यांदा त्यांच्या मनात आला हे लपवण्यात अर्थ नाही. दुसरा विचार आला तो भावसिंगाचा, आणि तो मात्र काही केल्या जाईना. कारण चौकीची पायरी चढणाऱ्या माणसांत, मौलवीसाहेब सोडले तर, गाऱ्हाणं न घेता येणारा असा तो एकटाच होता. अकरा वर्षं यायचा, तंबाखूची चंची पुढे करायचा, पाऊसपाण्याचं बोलायचा आणि जायचा.

त्या दिवशीही तो आला. पागोटं काढून मांडीवर ठेवलं. चंची काढली नाही.

“जमादारसाब, खरं व्हय का?”

“काय?”

“आमची हाजरी.”

“व्हय नाईक. पयल्या तारखेपासून.”

भावसिंग लिंबाकडे बघत म्हणाला, “कुरुंद्याला हळद काढणी लागली हाय. सारा तांडा तिकडं जाऊन राहिला, बायालेकरासकट. चार कोस पडतंय. सकाळी हितं हाजरी देऊन तिकडं जायचं, सांजच्याला परत हाजरीला हितं. मंग हळद काय रस्त्यात खांदायची?”

चाँद पाशांनी टोपी काढून बाजेवर ठेवली.

“वरसाची भाकर हाय ती आमची,” भावसिंग म्हणाला. “जाऊ द्या. पर आमी काय काय चोरलं येवढं तरी सांगा. माझी बायको विचारून राहिली. तिला वाटतंय मी लपवून ठिवलं अन् घरी आणलंच न्हाई.”

“तेच हुडकून राहिलो मी, काय चोरलं ते. मला थोडं दिवस द्या नाईक.”

“माझ्यापाशी कुठं हायेत दिवस? दिवस तुमच्यापाशीच हायेत,” असं म्हणून भावसिंगानं पागोटं डोक्यावर ठेवलं आणि तो गेला.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर चाँद पाशा बाजेवर न निजता टोपी घालून बाहेर पडले. हे दृश्य पाहून चौकीसमोरच्या चहावाल्यानं भट्टीवरची किटली उतरवून ठेवली, न जाणो, काही दंगा असेल.

पहिली वाणीगल्ली. उकंडराव ओट्यावरच होते.

“उकंडराव, तुमच्या गल्लीत चोरी झाली ती कुणाच्या घरी?”

“आमच्या गल्लीत?” उकंडराव दुखावल्यासारखे झाले. “चाँदभाई, ही वाणीगल्ली हाय. हितं कोणाची हिंमत व्हती? चोऱ्या होऊन राहिल्या त्या तेलीगल्लीत. तिकडं जा. तिकडं लई वाईट हाय.”

“अन् तुमच्या कोठीचं दार?”

“ते मीच फोडलं. ते सोडा.”

जमादार तेलीगल्लीत गेले. तिथं घाण्याचा बैल फिरत होता आणि घाण्याची मालकीण नर्मदाबाई ढेपेवर बसून त्याला शिव्या देत होती. तिनं बैल थांबवला नाही, शिव्या थांबवल्या.

“आमच्या हितं? न्हाई बाबा. आमी एकमेकावर ध्यान ठिवून असतो. सुई पडली तरी साऱ्या गल्लीला कळतं. कुंभारगल्लीत मातर रोज एक भांडं जाऊन राहिलं म्हणतात. तिथल्या लोकांची कीव येती मला.”

कुंभारगल्लीतल्या लोकांनी जमादारांना नव्या माठातलं थंडगार पाणी दिलं आणि सांगितलं की आमच्याकडं चोरण्यासारखं आहेच काय, मातीची मडकी? मोमीनपुऱ्यात विचारा. तिथं बिचाऱ्यांचं फार जातंय. मोमीनपुऱ्यात खाजा मिया मागावर बसले होते. त्यांनी धोटा हातातच धरून वर पाहिलं.

“अल्ला का फजल है जमादारसाब, इधर कुछ नहीं. माळीवाड़े में बहुत चल रहा, सुना. हम तो इधर से दुआ करते उन के वास्ते.”

आणि माळीवाड्यात, मेथीच्या वाफ्यात पाय रोवून उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या बागवानानं जमादारांचा हात धरला आणि हळू आवाजात विचारलं, “वाणीगल्लीचं ऐकलं का? उकंडरावाचं दारच फोडलं की हो!”

अशा रीतीनं चाँद पाशा दिवस कलायच्या आत निघाले होते तिथंच परत आले. पाचही गल्ल्या सुरक्षित होत्या. गाव तेवढं असुरक्षित होतं.

घरी अमिनाबीनं त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. “मिल्या क्या चोर?”

“नै मिल्या. जिस गल्ली में जातूं, उस से अगली गल्ली में रैता.”

“तो अगली में जाव ना.”

“गयाच ना. वाँ जाने के बाद वो और अगली में जाता.”

अमिनाबीला यात काही वावगं वाटलं नाही. चोर तसाच असायचा.

त्यानंतरचे तीन दिवस जमादार झोपेसाठी आडवे पडायचे, पण झोप लागायची नाही. शुक्रवारी दुपारी अडीचच्या सुमारास ते असेच डोळे मिटून पडलेले असताना माळीवाड्याच्या अंगानं हलगी ऐकू आली. मागोमाग सटवाजीचा खणखणीत आवाज आला.

“ऐका हो ऐकाऽऽ! तांब्याचं भांडं हरवलंय होऽऽ! कुणाला सापडलं असंल त्यानं चौकीत आणून द्यावं होऽऽ!”

चाँद पाशांनी एक डोळा उघडला.

ही दवंडीची पद्धत त्यांचीच. कुणाचं काही हरवलं की तो माणूस चौकीत येई. शोधायला जाणं हे कष्टाचं काम. त्यापेक्षा सटवाजीला हलगी घेऊन पाठवणं सोपं. ज्याचं हरवलं त्यानं सटवाजीला पायलीभर ज्वारी द्यायची आणि सटवाजीनं पाचही गल्ल्यांत ओरडायचं. यातल्या दोन अटी जमादारांनी फार विचार करून घातल्या होत्या. कुणाचं हरवलं ते सांगायचं नाही, कारण घराची अब्रू असते. आणि वस्तू कशी होती त्याची खूण सांगायची नाही, नाहीतर ज्याला सापडेल तोच खूण ऐकून आपलीच म्हणून ठेवून घेईल.

त्यांनी दुसरा डोळा उघडला. तांब्याचं भांडं म्हणजे वाणीगल्लीतल्या मनकर्णाबाईचं घंगाळ. तिनं ते रविवारी सांगितलं होतं. आणि मंगळवारी सकाळी पदर तोंडाला लावून हळूच येऊन सांगून गेली होती, की तिनं स्वतःच त्यात म्हशीसाठी सरकी भिजत घातली होती आणि घंगाळ गोठ्यातल्या कडब्याआड राहिलं होतं.

जमादार बाजेवरून उठले, अडीच वाजता, आणि भर उन्हात माळीवाड्याकडे निघाले.

सटवाजी आंब्याच्या सावलीत गुडघा चोळत बसला होता. हलगी शेजारी.

“सटवाजी, कंचं भांडं हरवलं?”

“मनकर्णाबाईचं घंगाळ, जमादारसाहेब.”

“ते तं मंगळवारीच सापडलं.”

“व्हय. गोठ्यात. सरकी भिजवली व्हती.”

“मंग आज शुक्रवारी काहून वरडून राहिला?”

सटवाजीला प्रश्नाचं आश्चर्य वाटलं. “पाच गल्ल्यांची जवारी घेतली हाय न्हवं? एका गल्लीत वरडायचं अन् चार गल्ल्यांची जवारी फुकट खायची? मी तसला माणूस न्हाई.”

“पर साऱ्या गल्ल्या एका दिवशी काहून घेत न्हाईस?”

“गुडघा,” सटवाजीनं गुडघा दाखवला. “रोज एक गल्ली व्हती. सोमवारी वाणीगल्ली, मंगळवारी तेलीगल्ली, बुधवारी कुंभारगल्ली, बेस्तरवारी मोमीनपुरा, आज माळीवाडा. उद्या बाजार, परवा आराम.”

चाँद पाशा आंब्याच्या मुळीवर खाली बसले. त्यांच्या डोक्यात हळूहळू उजाडत होतं. सोमवारी वाणीगल्लीनं ऐकलं, कुणाचं तरी घंगाळ गेलं. मंगळवारी तेलीगल्लीनं ऐकलं, आज एक हंडा गेला. बुधवारी कुंभारगल्लीत कळशी गेली, गुरुवारी मोमीनपुऱ्यात पातेलं, शुक्रवारी माळीवाड्यात तपेली. आपल्या गल्लीत कुणाचं गेलेलं नाही हे ज्याला त्याला माहीत, तेव्हा ते पलीकडच्या गल्लीतलंच असणार. हरवलं असं सटवाजी म्हणतो, पण तांब्याचं भांडं काय चालत जातं? आणि शनिवारी बाजारात पाची गल्ल्या भेटल्या की बेरीज.

“सटवाजी, सापडल्याची दवंडी काहून देत न्हाईस?”

“त्याची जवारी कोण देतं? हरवलं म्हंजी पायली भरून पळत येत्यात. सापडलं म्हंजी दाराआडून हात करत्यात, गप ऱ्हा म्हणून. मनकर्णाबाईनं तं मला गूळ दिला, कोणाला सांगू नको म्हणून.”

जमादारांनी चौकीत येऊन हरवल्या मालाचा कागद काढला. दिवाळीपासून अकरा वस्तू. पुढं प्रत्येकीच्या समोर त्यांच्याच हातचं ‘मिल गया’. अकरा वस्तू, पाच गल्ल्या, पंचावन्न. उकंडरावांचा अर्ज काही खोटा नव्हता. त्यात पन्नास म्हटलं होतं, ते घंगाळाच्या आधीपर्यंत बरोबर होतं. बोरगव्हाणातल्या समस्त चोऱ्यांचा मूळ पुरुष अखेर सापडला होता. तो लिंबाखाली बसून कपाळाचा घाम पुसत होता.

उपाय सरळ होता. जे दवंडीनं केलं ते दवंडीनंच मोडायचं. सापडलेल्या अकरा वस्तू पाची गल्ल्यांत एकाच सकाळी, बाजार भरायच्या आत, ओरडून सांगायच्या. त्यासाठीची ज्वारी चाँद पाशांनी घरातून घेतली. अमिनाबीनं विचारलं, “क्या गुम गया अपना?” तर म्हणाले, “नींद.”

राहिला गुडघा. सटवाजीला गाडी हवी होती आणि गावातल्या साऱ्या गाड्या हळदीला जुंपलेल्या होत्या. भावसिंगाची तेवढी ओढ्याकाठी उभी होती, कारण नाईक हजेरीच्या काळजीनं कुरुंद्याला गेलाच नव्हता. शनिवारी सकाळी त्यानं बैल जुंपले. बैलांच्या गळ्यात घुंगरं, शिंगांना कवड्यांच्या पट्ट्या. पुढे धुरेवर भावसिंग, पिळदार मिशा, लाल पागोटं, तोंडातून चकार शब्द नाही. मधे सटवाजी, हलगी घेऊन. आणि मागे उलटं तोंड करून, पाय खाली सोडून, चाँद पाशा.

“ऐका हो ऐकाऽऽ! हरवलेलं तांब्याचं भांडं सापडलं होऽऽ! पितळी समई सापडलीऽऽ! वासरू सापडलं! लुगडं सापडलं होऽऽ!”

सटवाजीचा आवाज असा कधी लागला नव्हता. हरवल्याचं ओरडून ओरडून त्याला कंटाळा आला असावा. वाणीगल्लीत लोक ओट्यांवर आले. तेलीगल्लीत घाण्याचा बैलही थांबला. आणि मोमीनपुऱ्याच्या तोंडाशी आल्यावर, मागं पाय हलवत बसलेल्या चाँद पाशांना लोकांचे चेहरे नीट दिसले. लोक सटवाजीकडे बघतच नव्हते. ते भावसिंगाकडे बघत होते.

जमादारांचे पाय हलायचे थांबले.

माल सापडला, असं हलगी सांगत होती. गाडी नाईकाची होती. ज्या तांड्यावर वहीम, त्याच तांड्याचा नाईक गाडी हाकत होता. कुठं सापडला माल, हे सांगायची आता कुणाला गरजच नव्हती. चाँद पाशांच्या ध्यानात आलं: अकरा वर्षांच्या मित्राला त्यांनी स्वतःच्या हातानं, हलगी वाजवत, साऱ्या गावातून फिरवलं होतं.

“नाईक,” ते मागूनच म्हणाले, “गाडी जरा जलदी हाका.”

“बैलांला दवंडी आवडून राहिली,” भावसिंग म्हणाला. तो सकाळपासून पहिल्यांदाच बोलला.

त्या दिवशी बाजारात जायची जमादारांची छाती झाली नाही. ते बाजेवर बसून राहिले. दुपार झाली. लांबून गलका आला. आणि बाजाराच्या वाटेनं उकंडराव येताना दिसले, मागे खाजा मिया, त्यांच्या मागे तीसचाळीस माणसं. मधोमध भावसिंग होता. त्याला दोघांनी दोन्ही बाजूंनी धरलं होतं. चाँद पाशा उभे राहिले आणि त्यांनी भिंतीवरचा दांडा हातात घेतला. तो दांडा त्यांनी कितीतरी वर्षांत घेतला नव्हता. त्यावर कोळ्यानं घर केलं होतं.

गर्दी जवळ आली, तेव्हा दिसलं की भावसिंगाच्या गळ्यात झेंडूचा हार आहे.

“चाँदभाई,” उकंडराव हात जोडून म्हणाले, “आमच्याकडून लई मोठी चूक झाली. या देवमाणसाला आमी चोर म्हणलं, अन् यानं आमच्यासाठी जिवावर उदार व्हऊन पंचावन्न चोऱ्यांचा माल आणला!”

“कुठून आणला?” जमादारांनी विचारलं. त्यांनाही ते जाणून घ्यायचं होतं.

“पैनगंगेपल्याडून! इंग्रजी अमलातून! अठरा जणांची टोळी व्हती म्हणतात.”

“बावीस,” मागून कुणीतरी म्हणालं.

“कोण म्हणतं?” जमादार म्हणाले.

“सारा बाजार म्हणून राहिला.”

खाजा मियांनी पुढे होऊन उलगडा केला. आधी काही लोकांना तांड्याचाच संशय आला होता. “लेकिन मैं बोल्या, सोचो जरा. पकड़ा हुआ आदमी गाड़ी हाँकता क्या? आगे नाईक, पीछे जमादार. जमादार के हाथ में लगाम भी नहीं, डंडा भी नहीं, मजे में पाँव हिला रहे. इस का मतलब क्या हुआ?”

याचा अर्थ काय झाला हे एव्हाना पाची गल्ल्यांना कळलेलं होतं.

चाँद पाशांनी खरं सांगायचं ठरवलं. ते बाजेवर चढून उभे राहिले, ही त्यांच्या नोकरीतली पहिलीच खेप. “हे बघा मंडळी. चोरी एकबी झाली नव्हती. सारं ज्याचं त्याच्या घरातच व्हतं. वाणीगल्लीतलं एकच घंगाळ पाची गल्ल्यांत पाच दिवस वरडलं गेलं. चूक माझी हाय.”

लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग उकंडराव मान हलवत म्हणाले, “चोऱ्या झाल्याच न्हाई तं मग सापडल्या कशा?” आणि लोकांकडे वळून, “बघा, किती मोठ्या मनाचा माणूस. सारं श्रेय नाईकाला देऊन वर चूक आपल्याकडं घेऊन राहिला.”

गर्दीतून मनकर्णाबाई पुढे आली नाही. घंगाळाचं खरं काय ते तिला ठाऊक होतं, पण पैनगंगेपल्याड जाऊन आलेल्या घंगाळाला आता ती गोठ्यातून आणणार नव्हती.

गर्दी पांगली. भावसिंग हार घालून पायरीवर बसून राहिला. मग त्यानं चंची काढली आणि पुढे केली.

“जमादारसाब, आधी न केलेल्या चोऱ्या माझ्या नावावर व्हत्या. आता न पकडलेली टोळी हाय. माझ्या नावावर मी केलेलं काही कवा लागंल?”

“हळद लागंल,” चाँद पाशा तंबाखू मळत म्हणाले. “कुरुंद्याला जा.”

उकंडरावांनी दुसरा अर्ज लिहिला. सह्या त्याच पंचाहत्तर, वर आणखी पंधरा. तांड्यातल्या लोकांना हजेरीत अडकवू नये, कारण ते मोकळे आहेत म्हणून गाव सुखरूप आहे, अशी मागणी होती.

अमीनसाहेब पुन्हा आले, या वेळी बैलगाडीनं, सामानसुमान आणि शिपाई घेऊन. कारण त्यांना इथून पुढं दौऱ्यावर जायचं होतं. त्यांनी अर्ज वाचला, टोळीला हद्दपार केल्याबद्दल आपल्या तालुक्याचं वरपर्यंत नाव होईल असं त्यांच्या लक्षात आलं आणि हजेरीचा हुकूम त्यांनी जागच्या जागी रद्द केला. अमिनाबीनं खट्ट्या दालीबरोबर बाजरीची भाकर आणि फोडणीची वांगी दिली. जेवण अंगावर आलं. अमीनसाहेब लिंबाखाली बाजेवर जरा टेकले ते साडेपाचला उठले.

“वाह!” ते अंग ताणत म्हणाले. “क्या बाज है, जमादार! ऐसी नींद तो बरसों में नहीं आई.”

“आप ही की है, हुजूर,” चाँद पाशा म्हणाले.

आता, कुणी आपल्या वस्तूचं कौतुक केलं की असं म्हणायचं असतं. म्हणणाऱ्यानं म्हणायचं आणि ऐकणाऱ्यानं ‘अरे नहीं नहीं’ म्हणायचं, एवढी रीत त्या मुलखात लहान लेकरालाही ठाऊक होती. पण अमीनसाहेब नवे होते.

थोड्या वेळानं ओढ्याच्या उतारावर गाडी दिसली. सामानाच्या वर, चारी पाय आभाळाकडे करून, बाज डुलत चालली होती. चाँद पाशा लिंबाखाली उभे राहून बघत होते. शेजारी सटवाजी गुडघा धरून उभा.

“जमादारसाहेब,” सटवाजी हलकेच म्हणाला, “ही चोरी म्हणायची, का हरवली म्हणायची?”

“हरवली कशी म्हणू? कुठं हाय ते दिसून राहिलं की.”

“मंग चोरी?”

“चोरी म्हणलं तं पकडावं लागंल.”

गाडी वळणाआड गेली. सटवाजीनं गुडघा सोडला. “दवंडी देऊ का? तुमच्याकडून जवारी घेणार न्हाई.”

“एका गल्लीतबी न्हाई,” चाँद पाशा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी रोजनामचा उघडला, बोरू शाईत बुडवला आणि नेहमीचा शब्द नेहमीपेक्षा जरा सावकाश लिहिला. गावात लोक दारं उघडी टाकून शेतात गेले होते. उकंडरावांना शेवटी तिन्ही किल्ल्या सापडल्या होत्या, त्या त्यांनी ओट्यावरच टांगून ठेवल्या. कुरुंद्याच्या वाटेवर हळदीच्या गाड्यांच्या ओळीत आता भावसिंगाची गाडीही लागली होती. जाता जाता भावसिंगाची बायको चौकीत एक गोधडी टाकून गेली, लाल-निळ्या तुकड्यांची, कडेला कवड्या शिवलेली. हळद निघाली की नाईक नवी बाज विणून देणार आहे, असा निरोपही तिनं दिला.

दुपारी चाँद पाशांनी ती गोधडी लिंबाखाली जमिनीवर अंथरली. कवड्या टोचत नाहीत ना ते हातानं चाचपून बघितलं. मग आडवे झाले. जमीन बाजेहून कडक होती, पण थंड होती. चारच्या आत त्यांना कुणी उठवलं नाही.